आठ फुटांचं स्थलांतर

काही कामं ऐकायला इतकी किरकोळ असतात, की माणूस हातातला चहाचा कप खाली न ठेवताच त्यांना हो म्हणतो. सिएटलजवळच्या बेलव्ह्यूतल्या आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून एक झुडूप होतं. ते काढून मागच्या कुंपणाशी लावायचं होतं. अंतर आठ फूट. मी टेप लावून मोजलं. मध्ये नदी नाही, घाट नाही, टोलनाका नाही. "शनिवारी सकाळी करतो, जेवायच्या आत होईल," असं मी बायकोला सांगितलं. कुठला शनिवार ते सांगितलं नाही. या सगळ्या प्रकरणात मी दाखवलेला शहाणपणा एवढाच.

मी मूळचा सांगलीचा आहे, वडील कृषी खात्यातून निवृत्त झालेत. पण माझा स्वतःचा मातीशी संबंध पावसाळ्यात बूट पुसण्यापुरता. तेव्हा हे झुडूप हलवायची हौस मला आपणहून झाली, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. हौस हीट पंपाची होती, म्हणजे उन्हाळ्यात घर गार आणि हिवाळ्यात गरम करणाऱ्या यंत्राची.

इथल्या जुन्या घरांत सहसा एसी नसायचा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या टाकल्या की भागतं, अशी इथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. 28 जून 2021 ला सिएटलच्या विमानतळावर पारा 108 फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या 42 अंशांना टेकला आणि ती श्रद्धा एका दुपारी संपली. (सांगलीत फोन करून हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "बरं मग? पंखा लाव.") पुढे आमच्या गल्लीत घराघराच्या बाजूला हीट पंप दिसायला लागले. आमचा सगळ्यांत शेवटी आला, कारण मी कोटेशनं मागवत होतो. अखेर जुलै महिन्यात मेकॅनिक आला. त्याने भिंत पाहिली, झुडूप पाहिलं आणि म्हणाला, "मशिनच्या भोवती मोकळी जागा लागते. हे काढावं लागेल. करवत गाडीतच आहे."

तेवढ्यात कुंपणावर शेजारच्या आजोबांचं डोकं उगवलं.

"थांबा! ते सलाल आहे. नेटिव्ह आहे ते!"

बेलव्ह्यूत दर पाच माणसांतली साधारण दोन परदेशात जन्मलेली. उरलेल्या तिघांतलेही कितीतरी दुसऱ्या राज्यांतून आलेले. खुद्द आजोबा मिनेसोटाचे. अख्ख्या गल्लीत अस्सल स्थानिक म्हणावा असा रहिवासी हे झुडूपच, आणि आम्ही सगळे बाहेरचे मिळून त्याला भिंतीवरून उठवायला निघालो होतो. मेकॅनिकनं करवत परत ठेवली. "तुमचं ठरलं की बोलवा," म्हणून तो गेला. त्याची व्हिजिट फी मात्र गेली नाही.

"नवीन रोप का नाही आणत?" बायकोनं विचारलं. "नर्सरीत पंधरा-वीस डॉलरला मिळतं."

"हे आहे ना घरचं! फुकटचं!" मी म्हणालो. मराठी माणसाला खर्चात पाडायचं असेल, तर त्याला एखादी गोष्ट फुकट आहे असं सांगावं.

आजोबांना एक प्रश्न विचारला की तीन पुस्तकं हातात पडतात. त्या पुस्तकांतून कळलं ते असं. सलाल हे अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनारपट्टीवरचं सदाहरित झुडूप. जाड, चकचकीत पानं, वसंतात घंटेच्या आकाराची फिकट गुलाबी फुलं, उन्हाळ्याच्या शेवटी काळसर जांभळी फळं. फुलांच्या दुकानातला गुच्छ घेतला, तर फुलांच्या मागे हिरवीगार उभी असतात ती पानं पुष्कळदा याचीच. इथले मूळ रहिवासी फळं कुटून, वाळवून त्यांच्या वड्या हिवाळ्यासाठी साठवून ठेवत.

"म्हणजे आंबापोळीच की!" आई म्हणाली. आई-बाबा तेव्हा नुकतेच सहा महिन्यांसाठी आले होते. आईनं एक फळ तोंडात टाकलं, डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "साखर लागेल."

डेव्हिड डग्लस नावाचा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ 1825 च्या एप्रिलमध्ये आठ महिन्यांहून जास्त बोटीत काढून कोलंबिया नदीच्या मुखाशी उतरला. किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर त्यानं पहिल्यांदा हातात घेतलेली वनस्पती हीच, असं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलंय. त्यानं बी इंग्लंडला नेलं. तिथं जमीनदारांनी शिकारीच्या फेझंट पक्ष्यांना लपायला जागा म्हणून ते रानात लावलं. आता तिथं ते इतकं माजलंय, की निसर्गप्रेमी मंडळी सुट्टी काढून ते उपटायला जातात. समुद्र ओलांडून गेलेलं हे झुडूप आठ फूट सरकायला किती भाव खाणार, असा माझा हिशेब होता.

"सलालला जागा बदललेली आवडत नाही," आजोबा म्हणाले. "रुसून बसतं. आणि आत्ता तर अजिबात हात लावू नका. पाऊस सुरू होऊ द्या."

बाबांना हे एकदम पटलं. "बरोबर आहे त्यांचं. मृग लागल्याशिवाय लावणी नाही."

इथलं मृग नक्षत्र ऑक्टोबरात लागतं, हे बाबांना समजावणं जड गेलं. सिएटलचा पाऊस जगात गाजलेला. पण मुंबईला एकट्या जुलैत जेवढा पडतो, त्याहून थोडाच जास्त इथे वर्षभरात होतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर थेंब पडायची मारामार. बाबा छत्री घेऊन आले होते. ती दाराशी टेकवून ते रोज आभाळाकडे बघत आणि रोज मला म्हणत, "लोक उगाच नावं ठेवतात तुमच्या गावाला."

वेळ घालवायला म्हणून आम्ही त्यांना बेलव्ह्यू बोटॅनिकल गार्डनमध्ये घेऊन गेलो. 53 एकरांची बाग, 1992 मध्ये सुरू झालेली, आत जायला तिकीट नाही. बाबा तिथल्या गुलाबी फुलांकडे वळूनही न बघता डग्लस फरच्या उंच झाडांखाली शिरले. तिथं सलाल पायलीला पन्नास. बाबा बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"याला पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही, बाबा."

"खत?"

"कुणी नाही."

"तरी बघ कसं माजलंय! कुणीतरी गुपचूप घालत असणार," असा निष्कर्ष काढून ते बाहेर आले.

येताना रस्त्याच्या कडेला काटेरी जाळ्या लागल्या. आईनं गाडी थांबवायला लावून पदरभर काळी फळं तोडली. ही हिमालयन ब्लॅकबेरी. ल्यूथर बरबँक या कॅलिफोर्नियातल्या गृहस्थानं हिंदुस्थानातून बी मिळवून 1885 मध्ये ती बाजारात आणली. पुढं कळलं, की ती मूळची आर्मेनिया-इराणकडची. आता ती वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. तिला कुणी लावत नाही, आळं करत नाही, मुहूर्त बघत नाही. दर वर्षी लोक तिला मुळापासून खणतात आणि दर वर्षी ती त्यांच्या छपरापर्यंत पोचते.

ऑक्टोबर उजाडला. बाबांची छत्री उघडली. मी कुदळ उचलली आणि आजोबांचं डोकं पुन्हा उगवलं.

"811 ला फोन केलात का?"

अमेरिकेत स्वतःच्या परसात खड्डा खणायचा, तरी आधी 811 ला कळवावं लागतं. वॉशिंग्टनमध्ये कायद्यानं कामाचे दोन पूर्ण दिवस आधी. मग ज्यांच्या तारा नि नळ जमिनीखालून गेलेत, त्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगानं खुणा करतात. विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा, टेलिफोन-इंटरनेटला नारिंगी. पैसे पडत नाहीत. माझ्या खड्ड्याची रुंदी ऐकून फोनवरच्या बाईंनी "एकाच झुडपासाठी ना?" असं दोनदा विचारलं.

आई सकाळी खिडकीत गेली आणि ओरडली, "अरे, रात्री रंगपंचमी कोण खेळून गेलं?"

हिरवळीवर पाचही रंग होते आणि ते सगळे आमच्या नियोजित खड्ड्याकडे येत होते. मग खड्डा दोन फूट उत्तरेला सरकवला. अंतर दहा फूट झालं. लेखाचं नाव मी तरीही बदललेलं नाही, कारण प्रकल्पाला मंजुरी आठ फुटांना होती.

आता खणणं. या भागावर शेवटच्या हिमयुगात सुमारे 3,000 फूट जाडीचा बर्फ होता. तो मागं हटताना त्यानं दळलेली, दाबलेली खडी-माती आमच्या परसात ठेवून दिली. वरचा वीतभर थर भुसभुशीत, खाली गोट्यांनी भरलेला कडक थर. कुदळीतून ठिणगी निघते हे मी सिनेमात पाहिलं होतं. नंतर पहार आणली. पहार वाकली नाही, मी वाकलो. बाबा खुर्ची टाकून बसले होते.

"ही माती नाही. याला खडीकरण म्हणतात. तू रस्ता खणतोयस."

निघालेल्या दगडांचा ढीग झुडपापेक्षा उंच झाला. आईनं त्यातले गुळगुळीत बघून एक वरवंट्यासाठी आणि एक दार अडवायला ठेवून घेतला.

दरम्यान मी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक भाबडा प्रश्न टाकला होता, "झुडूप हलवताना खड्ड्यात काय घालावं?" या ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीचा मेसेज महिनाभर कुणाला दिसत नाही. याला उत्तरं मिनिटभरात सुरू झाली. शेणखत घाला. शेणखत मुळीच घालू नका. नीमपेंड. ताक. हळद. अंड्याची टरफलं. व्हिटॅमिन बी-1 च्या गोळ्या विरघळवून. मुळांना मध. क्लाउडमध्ये काम करणाऱ्या एकानं मातीत सेन्सर पुरून मोबाइलवर आलेख बघायची पद्धत सांगितली. एक काकू म्हणाल्या, "आम्ही कोथरूडला कधीच काही घातलं नाही." यावर कोथरूड आणि बेलव्ह्यूच्या हवेवर जी चर्चा झाली, ती पुढं एकमेकांच्या सोसायटीतल्या पार्किंगवर गेली. सल्ला देणाऱ्यांपैकी निम्मे अपार्टमेंटमध्ये राहतात आणि त्यांच्या गॅलरीत एक तुळस आहे, तीही प्लॅस्टिकची, हे मी स्वतः बघितलंय.

मग मी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट या प्राध्यापक बाईंचं वाचलं. बागकामातल्या भाबड्या समजुती एकेक तपासून मोडीत काढणं हे त्यांचं अनेक वर्षांचं काम. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खड्डा रुंद घ्या, खोल नको. काढलेलीच माती परत घाला. खत नको, कंपोस्ट नको, बी-1 तर नकोच. वर लाकडाच्या चिपांचं जाड आच्छादन टाका आणि पाणी द्या.

"काहीच घालायचं नाही?" बाबांच्या आवाजात छत्तीस वर्षांच्या नोकरीचं दुःख होतं. "या बाई खात्यातल्या की विद्यापीठातल्या?"

"विद्यापीठातल्या."

"वाटलंच. विद्यापीठवाले असंच सांगतात."

चिपांचा प्रश्न सोपा होता, कारण त्या फुकट मिळतात. झाडं तोडणाऱ्यांना तो माल टाकायला जागा हवी असते. आपण नाव नोंदवायचं, ते आणून टाकतात. मला हवं होतं एक घमेलं. एका सकाळी बीप-बीप करत एक ट्रक मागं आला आणि त्यानं संपूर्ण ट्रक आमच्या गॅरेजच्या दारासमोर उपडा केला. गाडी आत, आम्ही बाहेर, मध्ये चिपांचा सह्याद्री. त्या वर्षी दिवाळीला आम्ही घरोघर फराळ दिला, तेव्हा चकल्यांच्या डब्यासोबत प्रत्येकाला एक बादली चिपा दिल्या. लोकांनी चेहरा हसरा ठेवून त्या घेतल्या. एका वहिनींनी हळूच विचारलं, "या तळायच्या का?"

शेवटी तो शनिवार आला. झुडपाभोवती गोल खणून, ताडपत्री सारून, मुळांचा गड्डा माती न सुटू देता उचलायचा, असं ठरलं. मी, बायको, बाबा, आजोबा आणि "सहज बघायला आलो" म्हणणारे दोन मित्र. सलालच्या मुळ्या आडव्या धावतात. वर दिसतं एक झुडूप, खाली एकेक मुळी कुठल्या कुठं गेलेली. एक ओढत ओढत गेलो तर ती कुंपणाखालून थेट आजोबांच्या हद्दीत निघाली.

बाबा खुर्चीतून उठले. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी पाहिला नव्हता.

"बांधावरचं झाड आहे हे! आधी मोजणी आणा."

"बाबा, इथं मोजणी नसते."

"मग यांचे वाद चालतात कशावर?"

आजोबांना मी भाषांतर करून सांगितलं नाही. मुळी तोडली. गड्डा उचलला. अर्ध्या वाटेवर "हळू, हळू" असं सगळे एकदम ओरडले आणि त्या ओरडण्यानं दचकून एका मित्रानं आपलं टोक सोडलं. माती सुटली. पुढचा प्रवास झुडपानं उघड्या मुळांनी आणि सहा माणसांच्या सूचना ऐकत केला. खड्ड्यात बसवलं, तर आई म्हणाली की तोंड पूर्वेला हवं. झुडपाचं तोंड कुठलं, यावर पुन्हा थोडी चर्चा झाली. माती लोटली, आळं केलं, चिपा टाकल्या, नारळ फोडला. मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. सकाळभरात विनावाद झालं असं ते एकच काम.

त्यानंतर सलाल रुसलं. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानं, मग काही फांद्या. आजोबांनी त्यांच्याकडची म्हण सांगितली. लावलेलं झाड पहिल्या वर्षी झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी उडी मारतं. "म्हणजे तीन वर्षं काही करायचं नाही," ते म्हणाले. त्यांनी तसं सांगितलं आणि रोज सकाळी कुंपणावरून वाकून बघायला लागले.

काही करायचं नाही, हे आमच्या घरात कुणालाच जमेना. नोव्हेंबर महिना, बाहेर संततधार आणि आई छत्री धरून तांब्यानं पाणी घालतेय. "पावसाचं पाणी वेगळं, हातचं वेगळं," असं तिचं म्हणणं. बाबा पहाटे कुणी उठायच्या आत पाणी घालून येत होते, हे मला बायकोकडून कळलं. बायकोला ते कसं कळलं, तर तीही त्याच वेळी बादली घेऊन गेली होती. मी फक्त रात्री घालत होतो. सशांनी उरलेली कोवळी टोकं खाल्ली, म्हणून जाळी आणली. मग जाळीत ससा अडकू नये म्हणून तिला फटी ठेवल्या. त्या फटीतून ससा आत गेला.

त्यातच एका मित्रानं सांगितलं, की फांदी जिवंत आहे का हे बघायला साल नखानं किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू नये. आईनं खरवडलं. बाबांनी खरवडलं, कारण आईच्या निदानावर त्यांचा भरवसा नाही. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं "कसं आहे आता?" असं विचारून जाता जाता एक फांदी खरवडली. त्या झुडपाला किडीनं, थंडीनं आणि सशानं मिळून जेवढं सोलवटलं नसेल, तेवढं काळजीनं सोलवटलं.

जानेवारीत आई-बाबा सांगलीला परतले. व्हिडिओ कॉल आला की आधी "फुटवा आला का?", मग नातू. मी कॅमेरा झुडपावर धरायचो. पलीकडून बाबा म्हणायचे, "जरा खरवडून दाखव."

मार्चअखेर फुटवा आला. कोवळा, तांबूस, टवटवीत. फक्त तो आला पश्चिमेच्या भिंतीशी, जिथून झुडूप काढलं होतं तिथं, मध्यंतरी बसवलेल्या हीट पंपाला अगदी खेटून. मातीत राहून गेलेल्या मुळीच्या तुकड्यांतून आपोआप. तिथं कुणी पाणी घातलं नव्हतं, चिपा घातल्या नव्हत्या, पूर्वेला तोंड केलं नव्हतं. ग्रुपवर विचारलं नव्हतं. त्या कोपऱ्याकडे सगळा हिवाळा एकाही जिवंत माणसानं पाहिलं नव्हतं आणि तेवढं त्याला पुरलं होतं. कुंपणाशी लावलेल्या थोरल्या झुडपानंही मे महिन्यात तीन पानं दाखवली, तीही आम्ही आठवडाभर सुट्टीवर गेलो असताना.

तुम्हालाही एखादं झुडूप हलवायचं असेल, तर पाऊस लागू द्या, 811 ला फोन करा, खड्डा रुंद घ्या, काढलेलीच माती परत लोटा, वर चिपा टाका. पहिला उन्हाळा मात्र पाणी चुकवू नका, तेवढं एक त्याला खरंच लागतं. बाकी आत जाऊन दार लावून घ्या आणि घरातल्या सगळ्यांची नखं कापा.